गॅस्ट्रिक बायपासनंतर: घर, पंगत आणि नातीगोती सांभाळताना

माझ्या ऑपरेशनची बातमी साताऱ्याला पोचली तेव्हा आमच्या आत्याबाईंचा फोन आला. "छातीत कधीपासून दुखत होतं गं?" बायपास म्हटलं की आपल्याकडे हृदयच डोळ्यांसमोर येतं. मी समजावून सांगितलं, की ही पोटाची बायपास. जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीचा, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढा कप्पा वेगळा करतात आणि तो थेट लहान आतड्याला जोडतात. वजन आणि मधुमेह, दोन्हींसाठी केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग गौरीजेवणाला तू काय जेवणार?"

हॉस्पिटलातून मिळालेल्या फायलीत प्रोटीन होतं, गोळ्यांचं वेळापत्रक होतं, टाक्यांची काळजी होती. या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. आता चार वर्षं झाली. आमच्या रुग्णगटातल्या बायका-पुरुषांनी आणि मी ते उत्तर चुकतमाकत शोधलं, ते इथे लिहिते आहे. औषध आणि आहाराच्या बाबतीत तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. मी लिहिते आहे ते माणसांबद्दल.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्याकडे माणसं जीव लावतात ती वाढून. आपण "नको" म्हणतो तेव्हा आपल्या मनात फक्त पोळी असते. समोरच्याला मात्र आपण त्यालाच नाकारल्यासारखं वाटतं. म्हणून नुसतं नको म्हणून चालत नाही. त्या वाढणाऱ्या हाताला दुसरं काही काम द्यावं लागतं.

पहिले दोन महिने: घरच्यांना कारणासकट सांगा

साधारण पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, मग वाटून-गाळून केलेलं, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी हळूहळू नेहमीचं जेवण, असा क्रम असतो. प्रत्येक हॉस्पिटलचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं. तुमचं वेळापत्रक मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. घरात स्वयंपाक जो करतो त्याला आहारतज्ज्ञांच्या भेटीला बरोबर न्या. याला पर्याय नाही. मी सासूबाईंना नेलं होतं. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "वरणावरचं पाणी दिलं की झालं ना?" तेव्हा बाईंनी सांगितलं, की ताकद डाळीत आहे, वरच्या पाण्यात नाही, डाळ शिजवून, घोटून, गाळून द्या. हे मी घरी दहादा सांगितलं असतं तरी पटलं नसतं. त्या दिवसापासून मुगाचं कढण ही सासूबाईंची जबाबदारी झाली आणि त्यांनी ती अशी निभावली, की मला घड्याळ बघावं लागलं नाही.

तीन नियम घरातल्या सगळ्यांना माहीत हवेत, लहान मुलांनासुद्धा. घास छोटा, बारीक चावून, आणि जेवण वीस ते तीस मिनिटांत सावकाश. पाणी जेवताना नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबून, मग दिवसभर घोट-घोट. आणि पानातलं प्रोटीन आधी: उसळ, डाळ, पनीर, अंडं, मासे जे खाता ते. मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी-पोळी. दिवसाला बहुतेकांना ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं आणि कप्पा छोटा. भाताने तो भरला तर बाकीच्याला जागाच उरत नाही. असं कारण सांगितलं की "भात का टाकलास?" हा वाद मिटतो.

पोळी, भात आणि पाव पहिल्या काही महिन्यांत अडकतात. घास अडकला की छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं होतं, तोंडात फेसाळ लाळ जमते आणि ती गिळताही येत नाही. आपली माणसं घाबरून लगेच पाण्याचा पेला पुढे करतात. पाण्याने ते वाढतं. खाणं थांबवायचं, उभं राहायचं, शांतपणे फिरायचं, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. मात्र उलट्या थांबतच नसतील, पाणीसुद्धा राहत नसेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर. सतत उलट्या झाल्या तर शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व संपतं आणि त्याचा मेंदू-मज्जातंतूंवर परिणाम होतो.

माझ्या आईने एक वेगळंच केलं. कपाटातून माझ्या उष्टावणाची चांदीची वाटी काढली, चिंचेने घासली, आणि मला म्हणाली, "आता यातच जेव." एरवी मोठ्या ताटाच्या कोपऱ्यात दोन चमचे अन्न बघून मलाच भरून यायचं. त्या वाटीत तेच अन्न काठोकाठ भरायचं. तुमच्या घरी अशी वाटी असेलच, ती शोधा.

कुणाला किती सांगायचं

घरात राहणाऱ्यांना सगळं. ऑफिसात डब्याला शेजारी बसणाऱ्या एकाला तरी, कारण कधी चक्कर आली तर त्याला ठाऊक हवं. बाकीच्यांना "पोटाचं ऑपरेशन झालंय, थोडं थोडं खायला सांगितलंय" एवढं पुरे. ते खरंही आहे. तुमच्या पोटाची कहाणी ऐकणं हा सोसायटीतल्या कुणाचा हक्क नाही.

पण खोटं सांगू नका, विशेषतः ज्यांना स्वतःला वजनाचा त्रास आहे त्यांना. मी ही चूक केली. ऑफिसातल्या एका मैत्रिणीला म्हणाले, "चालते रोज, आणि भात सोडला." तिने तीन महिने भात सोडला, तळजाईला पहाटे चालायला जायला लागली, आणि एक दिवस जिन्यात मला थांबवून रडत म्हणाली, "माझंच का उतरत नाही?" मी तिला तिथेच, पायरीवर बसून, खरं सांगितलं. ती रागावली नाही. पण ते तीन महिने मी तिच्याकडून घेतले होते, हे मला अजून टोचतं. सगळं सांगायचं नसेल तर विषय बदला. पण जे केलं नाही त्याचं श्रेय घेऊ नका.

पंगत

ऑपरेशननंतर पाच महिन्यांनी गौरीजेवणाला साताऱ्याला गेलो. आत्याबाईंनी सोळा भाज्या केल्या होत्या. पुरणपोळीवर तूप सोडून त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या: "एकच. माहेरवाशिणींचा मान आहे." मी अर्धी खाल्ली, तीही भरभर, कारण सगळ्यांचे डोळे माझ्या पानावर होते. पंधरा मिनिटांत छाती धडधडायला लागली, घामाने कपाळावरचं कुंकू ओघळलं, पोटात पीळ पडला. माजघरात डोक्याखाली उशी घेऊन अर्धा तास पडून राहिले. आत्याबाई पदराने वारा घालत होत्या आणि त्यांचा चेहरा माझ्याहून पांढरा झाला होता.

याला डम्पिंग म्हणतात. बायपासनंतर गोड अन्न जठरात न रेंगाळता थेट आतड्यात उतरतं, आतडं त्यात पाणी ओढून घेतं, आणि दहा ते तीस मिनिटांत हा सगळा प्रकार होतो. दुसरा प्रकार उशिराचा: एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम उतरते, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढण्याची दुसरी शस्त्रक्रिया, झालेल्यांना हे कमी होतं, पण होऊ शकतं. उशिराचा त्रास वारंवार झाला तर डॉक्टरांना सांगा. मधुमेहाची औषधं चालू असतील तर त्यांचा डोसही ऑपरेशननंतर बदलावा लागतो, तो मनाने चालू ठेवू नका.

त्या दिवसानंतर मी पंगतीला जाण्याची पद्धतच बदलली. यजमानांना आदल्या दिवशी फोन करते. ऐन पंगतीत सांगितलेलं आग्रहात वाहून जातं; आदल्या दिवशी सांगितलेलं त्यांच्या लक्षात राहतं. "काकू, मी येतेय, माझं पान लहान मुलांसारखं मांडा, आणि तुमची मटकीची उसळ मला नक्की ठेवा." यात नकार नाही, मागणी आहे, आणि मागणी पुरवायला आपल्या बायकांना फार आवडतं. निघण्याआधी घरी काहीतरी प्रोटीनचं खाऊन निघते, कारण लग्नघरी एकची पंगत तीनला बसते, आणि रिकाम्या पोटी माणूस भरभर खातो.

सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती: वाढायला उभं राहा. वाढणाऱ्याला कुणी आग्रह करत नाही. हातात वरणाचं भांडं घेऊन ओळीतून फिरताना सगळ्यांशी बोलणं होतं, आपण कार्यात असतो, आणि कुणाचंही लक्ष आपल्या पानावर नसतं. शेवटच्या पंगतीला, गर्दी ओसरल्यावर, सावकाश जेवायचं. पुढच्या वर्षी गौरीजेवणाला मी कोशिंबीर आणि चटणी वाढली. आत्याबाईंनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, आणि मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवलो.

पानात अन्न टाकायचं नाही हा संस्कार आपल्यात खोल आहे आणि तो चांगलाच आहे. म्हणून पानात येण्याआधीच थांबवा: पानावर आडवा हात, "आधी हे संपवते". तरी उरलंच तर शेजारी नवऱ्याला किंवा भावाला बसवलेलं असावं, त्यांना आधी सांगून. उरलं म्हणून संपवायचं, हे मात्र नाही. बुफे असेल तर छोटी डिश घ्या आणि हातात धरून बोलत राहा. हात रिकामा दिसला की लोक भरतात.

प्रसाद कणभर जिभेवर ठेवला तरी पोचतो. तिळगूळही तसाच, एक दाणा. दिवाळीच्या फराळाचं ताट आलं तर परत पाठवू नका. ठेवून घ्या, घरच्यांना द्या, आणि बदल्यात तुमच्याकडचं काही पाठवा. हळदीकुंकवाला मसाला दूध किंवा पन्हं हातात येतं, ते सरळ सांगून टाळा आणि ताक मागा. सोड्याची पेयं पहिल्या काही महिन्यांत तरी नकोतच, त्या बुडबुड्यांनी फुगून दुखतं.

उपास

पहिलं वर्ष उपास नको, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि माझ्या डॉक्टरांचंही तेच होतं. हरितालिकेचा निर्जळी उपास तर मुळीच नाही. लहान कप्प्यात एकदम पाणी पिता येत नाही, त्यामुळे दिवसभराचं राहिलेलं पाणी रात्री भरून निघत नाही. साबुदाण्याची खिचडी म्हणजे नुसता स्टार्च, आणि ती चिकटून बसते. रोजे धरणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. आमच्या सासूबाईंना हे अवघड गेलं. मग त्यांनीच तोड काढली: मी एकादशीला त्यांच्याबरोबर संध्याकाळी हरिपाठाला बसायचं. उपास त्यांचा, पाठ दोघींचा.

नवरा-बायको

स्वीडनमधल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. वजनाची शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये एकट्या माणसांची नाती जुळण्याचं प्रमाण वाढलं, आणि आधीपासून जोडीदार असलेल्यांमध्ये वेगळं होण्याचं प्रमाणही वाढलं, असं त्यात दिसलं. हे घाबरवायला सांगत नाही. नातं बदलतं, ते बदलणार हे धरून चाला, एवढंच.

माझा नवरा ऑपरेशनच्या वेळी रात्र-रात्र जागला. आठव्या-नवव्या महिन्यात तोच गप्प गप्प राहायला लागला. विचारल्यावर एकदा म्हणाला, "आपण शनिवारी मिसळ खायला जायचो. आता मी एकटा काय खाऊ?" मला वाटत होतं, मी बारीक झाले म्हणून त्याला काही वाटतंय. त्याला फक्त आपला शनिवार हरवल्यासारखं झालं होतं. आम्ही शनिवार परत आणला: तो मिसळ घेतो, मी त्यातली उसळ, कट काढून, चार चमचे. त्याने माझ्यासमोर खाल्लं तर मला त्रास होईल, हे त्याने मनाशी धरलं होतं. ते मी बोलून मोडलं. तुम्हीही बोला. काय चालतं, काय नाही, कशाने हेवा वाटतो, तेही.

शरीराबद्दलही बोलावं लागतं. कातडी लोंबते, दंडाची, पोटाची. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस मूठमूठ जातात. बहुतेकांचे परत येतात, पण त्या काळात आरसा नको वाटतो. जोडीदाराला हे आधी सांगितलं तर तो कंगव्यातले केस बघून चेहरा पाडत नाही.

मूल हवं असेल तर वर्ष ते दीड वर्ष थांबायला सांगतात, कारण वजन झपाट्याने उतरत असताना आई आणि बाळ दोघांचं पोषण सांभाळणं कठीण जातं. त्याच काळात पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. दुसरा उपाय स्त्रीरोगतज्ज्ञांकडून आधीच ठरवून घ्या. "आता पाळणा हलू दे" म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायचं काम नवऱ्यावर सोपवा.

लग्न ठरायचं असलेल्यांना: साखरपुड्याआधी सांगा. आयुष्यभर गोळ्या घ्यायच्या असतात, तपासण्या असतात, पंगतीत वेगळं जेवायचं असतं. हे लपत नाही आणि लपवायचं कारणही नाही. ऐकून जे मागे हटतात ते आधी हटलेले बरे.

जाऊ, मैत्रिणी, मुलं

घरात दुसरं कुणी जाड असेल तर त्या माणसाची सगळ्यात जास्त काळजी घ्या. माझी जाऊ आणि मी बारा वर्षं एकमेकींचे ब्लाउज घालत होतो. मी बारीक झाल्यावर घरातला प्रत्येक पाहुणा माझं कौतुक करून तिच्याकडे बघायचा. ती काही बोलली नाही, फक्त फोटोंमध्ये मागे उभी राहायला लागली. मी पाहुण्यांना तिच्यासमोर सांगायला लागले, "वजनाचा विषय पुरे, मुलांचं सांगा." आणि तिला एकदाही "तूपण करून घे" म्हणाले नाही. तिने विचारलं असतं तर सगळी फाईल दिली असती. न विचारता दिलेला सल्ला टोमण्यासारखा लागतो.

मुलीने, तेव्हा ती नऊ वर्षांची होती, विचारलं, "मीपण जाड आहे का?" त्या दिवसापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर कुणाच्याही शरीराबद्दल बोलायचं नाही असा नियम आहे. वजनकाटा आमच्या खोलीतल्या कपाटात ठेवला.

आणि कपड्यांचं: वजन वर्ष-दीड वर्ष उतरत राहतं, तेव्हा घाईने महागाचं शिवू नका. जुनंच आत घेऊन वापरा, शिंप्याला शिवणीत माया राहू दे म्हणावं.

लोक बोलतात तेव्हा

"किती खंगलीस! शुगर झाली का?" याला मी म्हणते, "उलट शुगर आटोक्यात आली." "पैसे टाकले आणि बारीक झालीस," याने मी पूर्वी रडायचे. आता म्हणते, "पैसे ऑपरेशनचे. रोजचं पथ्य माझं." आवाज न चढवता, आणि लगेच त्यांच्या तब्येतीची चौकशी. "एवढंसं खाऊन कसं भागतं?" याला "भागतं हो, उसळ छान झालीय" पुरतं. प्रत्येकाला शिकवत बसू नका, दमाल.

डोकं दुखतंय म्हटल्यावर कुणी पर्समधून गोळी काढून देतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी बायपासच्या जोडाला अल्सर होण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी स्वतःच्या पर्समध्ये ठेवा. तंबाखू आणि सिगारेटनेही तोच धोका वाढतो.

दारूबद्दल गटातल्या एका दादांनी मला हे लिहायला सांगितलं. पूर्वी तीन पेग पचवायचे. ऑपरेशननंतर मित्राच्या पार्टीत एकच घेतला आणि गाडीजवळ जाईपर्यंत तोल गेला. बायपासनंतर दारू फार लवकर रक्तात चढते आणि उतरायला वेळ लागतो. शिवाय पूर्वी जेवणातून मिळणारा दिलासा तिच्यात शोधला जातो. व्यसनाचा धोका दुसऱ्या वर्षापासून वाढतो, असं दिसून आलंय. मित्रांना आधीच सांगा, हातात लिंबूपाणी ठेवा, आणि जे मित्र तरीही ओततात त्यांच्याबरोबर काही महिने चहालाच भेटा.

मन खचतं, तेही सांगून ठेवते. दुःख झालं की खायचं, ही आयुष्यभराची सवय एका दिवसात बंद होते आणि दुःख तिथेच राहतं. मला चौथ्या महिन्यात संध्याकाळी विनाकारण रडू यायचं. समुपदेशकाकडे सहा वेळा गेले. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जगणं नको वाटायला लागलं तर त्याच क्षणी घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

दुसऱ्या वर्षानंतर

दीड-दोन वर्षांनी वजन थांबतं, आणि त्यानंतर थोडंसं परत वाढतं. ते बहुतेकांचं होतं. नेमकं तेव्हा कुणीतरी म्हणतं, "परत सुटायला लागलीस हं." मी त्यांच्याशी बोलत नाही, आहारतज्ज्ञांशी बोलते. बरेच जण या टप्प्यावर लाजेने तपासणीला जाणं सोडतात. गोळ्याही सुटतात, कारण आता बरं वाटत असतं. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे जन्मभराचं आहे. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर, आणि लोहाच्या गोळीबरोबर चहा नाही.

आमच्या घरी वर्षाच्या रक्ततपासणीची आठवण सासूबाईंकडे आहे. त्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवतात. यंदाच्या चौकोनात त्यांच्या बारीक अक्षरात आहे: "सुनेचं रक्त, उपाशीपोटी. आल्यावर मुगाचं धिरडं, चांदीच्या वाटीत दही."